बी-२५ मिचेल (१/६) किटच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

बी-२५ मिचेल या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बरच्या, आमच्या एक षष्ठांश आकाराच्या रेडिओ-कंट्रोल मॉडेल किटवरचा तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू आणि सोबतचे सगळे फोटो नीट पाहिले. ३.४३ मीटर पंखांचं विमान महिनोन्‌महिने खपून बांधायचं आणि सुरुवातीच्याच उड्डाणांत ते जमिनीवर आदळलेलं पाहायचं, हे किती जिव्हारी लागतं ते आम्हाला कळतं.

तुमच्या तक्रारी अशा: नाकात १.९ किलो शिसं घालावं लागलं. फायरवॉल (इंजिन ज्यांवर बसतं त्या पाट्या) वाकड्या कापल्यात. नॅसेलच्या (पंखावरच्या इंजिनाच्या कप्प्याच्या) पलीकडचा पंख सपाट होतो, म्हणजे ड्रॉइंग चुकलंय. पुढच्या चाकाचा पाय पहिल्याच लँडिंगला वाकला. आणि शेवटी, टेकऑफनंतर मिनिटाभरात डावं इंजिन बंद पडलं आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) पूर्ण उजवीकडे दिलं तरी विमान डावीकडेच पलटलं. हेच किट आणखीही लोक बांधतायत, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर आणि सविस्तर देतोय.

इंजिनापासून सुरू करतो, कारण विमान त्यानेच गेलं. तुम्ही लिहिलंय की नवा प्रॉपेलर लावल्यावर वीस मिनिटांनी तेच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, स्पार्क होता, कार्ब्युरेटर तुंबलेला नव्हता. गरम झाल्यावर बंद आणि निवल्यावर चालू, हे लक्षण तापण्याचं. काउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) फोटोत कारणही दिसतं. आत एका सिलिंडरचं ५५ सीसी इंजिन, त्याच्यापुढे खोट्या रेडियल इंजिनाची तबकडी आणि तबकडीभोवती चारही बाजूंनी मोकळी जागा. एवढं मोठं तोंड पाहून हवा भरपूर मिळत असेल असं वाटतं, पण हवा सोपी वाट धरते. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या फिन्सच्या (पातळ पात्यांच्या) बारीक फटींतून जाण्याऐवजी ती सिलिंडरच्या बाजूने निघून जाते. त्यात मागच्या काउल फ्लॅप (गरम हवा बाहेर सोडायच्या झडपा) तुम्ही बंद स्थितीत चिकटवल्यात, त्यामुळे गरम हवा आतच कोंडते.

तबकडीच्या मागे १.५ मिमी प्लायचा बॅफल (हवा अडवून वळवणारी पाटी) बसवा. त्यात सिलिंडरपुरतंच भोक ठेवा, फिन्सभोवती ५-६ मिमी फट, बाकी सगळं बंद. बाहेर पडायची जागा आत यायच्या जागेच्या किमान दुप्पट हवी, तिप्पट असेल तर उत्तम. काउल फ्लॅप उघड्या चिकटवा आणि काउलच्या तळाला, जिथे नजर जात नाही, तिथे आणखी एक वाट कापा. उजव्या काउललाही हेच करा. ते इंजिन वाचलं एवढंच, त्याची हवा काही वेगळी नाही.

बंदिस्त काउलमध्ये आणखी एक गोष्ट हमखास नडते. वॉल्ब्रो प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये मीटरिंग डायफ्रामच्या (पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या पातळ पडद्याच्या) झाकणाला बारीक भोक असतं. तिथली हवा स्थिर असेल तरच मिश्रण ठरल्यासारखं राहतं. उडताना काउलमधला दाब बदलतो आणि जमिनीवर अचूक लावलेली मिश्रणाची सुई हवेत चुकते. झाकण सुटं करून त्या भोकावर बारीक पितळी नळी सोल्डर करा, तिला पेट्रोल सहन करणारी नळी जोडा आणि तिचं दुसरं टोक फायरवॉलच्या मागे शांत हवेत सोडा. डायफ्राम जागेवर असताना सोल्डरिंग करू नका, तो जळतो.

डावंच का बंद पडलं, त्याचं उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. आधी डावं सुरू केलं आणि उजवं सुरू होईपर्यंत ते जागेवर फिरत राहिलं. उभ्या विमानात काउलमधून हवा फारशी वाहत नाही. दुसरं इंजिन एक-दोन मिनिटांत धरलं नाही तर पहिलं बंद करा आणि दोन्ही निवू द्या. सुईबद्दलही सांगायला हवं. दोन इंजिनांच्या विमानात कमाल फेऱ्यांच्या मागे लागू नये. हाय सुई कमाल फेऱ्यांपेक्षा २००-३०० आरपीएम खाली येईपर्यंत श्रीमंत (मिश्रणात पेट्रोल जास्त) ठेवा. मग नाक ४५ अंश वर धरून, पूर्ण थ्रॉटलवर ऐका. आवाज खचला तर अजून थोडी उघडा. दोन थ्रॉटल सर्व्हो (थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वेगळ्या चॅनेलवर हवेत. आयडल, पाव, अर्धा आणि पूर्ण अशा चार ठिकाणी टॅकोमीटरने मोजून दोन्ही इंजिनं १०० आरपीएमच्या आत आणा. पण हे जुळवणं थ्रॉटल कर्व्हनेच (ट्रान्समीटरमधल्या थ्रॉटलच्या सेटिंगनेच) करा. दोन्ही आवाज एक करण्यासाठी सुई पिळली की एक इंजिन नकळत लीन होतं, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतं.

आता पलटण्याबद्दल. एक इंजिन गेलं की दुसरं विमानाला मेलेल्या इंजिनाकडे वळवतं. वेग कमी असेल तर रडरला ते रोखता येत नाही. वळताना डावा पंख मागे पडतो, त्याची उचल घटते आणि तो खाली जातो. इथे हात आपोआप उजव्या एलेरॉनकडे जातो आणि घात होतो. उजवं एलेरॉन दिलं की डाव्या पंखाचं एलेरॉन खाली येतं. आधीच स्टॉलच्या (उचल अचानक संपण्याच्या) काठावर असलेल्या पंखाचा कोन तिथे आणखी वाढतो, त्याची ओढही वाढते आणि नाक अजून डावीकडे खेचलं जातं. करायचं ते असं: चालू इंजिनाचा थ्रॉटल लगेच खाली, नाक खाली, उजवा रडर, आणि समोर जी जागा असेल तिथे सरळ उतरणं. खऱ्या बी-२५ मध्येही ठरावीक वेगाच्या खाली इंजिन गेलं तर वैमानिकाला चालू इंजिनाची ताकद कमी करावी लागे. एलेरॉन वर जितकं जातं त्याच्या निम्मंच खाली येईल असं लावा. रडर दोन्ही बाजूंना ३० अंश हवा. टेकऑफला विमान ओढून उचलू नका. चाकं सुटल्यावरही वेग येईपर्यंत उथळ चढ ठेवा आणि वळू नका. विमान दुरुस्त झाल्यावर भरपूर उंचीवर एक थ्रॉटल आयडलला आणून ते कसं वागतं ते पाहून घ्या.

फायरवॉलचा प्रश्न इथेच येतो. त्या मुद्दाम बाहेरच्या बाजूला २ अंश वळवलेल्या आहेत, डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे. त्यामुळे एकट्या चालू इंजिनाची ओढ सीजीच्या (विमानाच्या गुरुत्वमध्याच्या) थोडी जवळून जाते. ४० सेंटीमीटरच्या अंतरात हा फरक जेमतेम दीड सेंटीमीटरचा आहे, पण त्यासाठी ना वजन लागतं ना सर्व्हो. तुम्ही वॉशर घालून इंजिनं सरळ केलीत. ते वॉशर काढा.

बाहेरच्या पंखाचंही असंच. पहिली नऊ बी-२५ विमानं मुळापासून टोकापर्यंत एकसारख्या डायहेड्रलची (पंखाच्या वरच्या दिशेच्या कलाची) होती. त्यांचं दिशा-स्थैर्य समाधानकारक नव्हतं, म्हणून पुढच्या विमानांत नॅसेलच्या पलीकडचा भाग खाली आणला. मिचेलचा तो ओळखीचा, नॅसेलपाशी वाकलेला पंख तिथून आला. हे किट नंतरच्या बी-२५जे (J) मॉडेलचं आहे, म्हणून त्यात बाहेरचा पंख सपाट आहे. डावा पंख नव्याने बांधताना जिगच्या (बांधणीच्या साच्याच्या) पट्ट्यांखाली पॅकिंग घालून तो उचलू नका.

शिशाबद्दल सांगतो ते तुम्हाला आधी आवडणार नाही: सध्याच्या स्थितीत १.९ किलोसुद्धा कमी आहे. फोटोत विमान स्टँडवर चाकं खाली ठेवून तोललंय. मिचेलची तिन्ही चाकं मागे दुमडतात. या किटमध्ये चाकं आत गेली की सीजी सुमारे १८ मिमी मागे सरकतो. म्हणून मॅन्युअलमध्ये चाकं आत घेऊन तोलायला सांगितलंय. तुमच्या २१.४ किलोच्या विमानाला हा फरक भरून काढायला नाकात आणखी सुमारे ४५० ग्रॅम लागतील. मागे सरकलेल्या सीजीमुळे रडरचा हात आखूड होतो आणि एलेव्हेटर जास्त चपळ होतं, म्हणजे इंजिन गेलं त्या क्षणी तेही तुमच्या विरोधात होतं.

पण २.३५ किलो शिसं घेऊन उडायची गरज नाही. शेपटी सीजीपासून १४५ सेंमी मागे आहे आणि शिसं ८५ सेंमी पुढे, म्हणजे शेपटीतला दर १०० ग्रॅम नाकात १७० मागतो. तुम्ही दिलेल्या वजनांनुसार रंग, फिलर आणि प्रायमर मिळून शेपटीत १८० ग्रॅम जास्त चढलेत, त्यांचे नाकात सुमारे ३०५. ७५ ग्रॅमचे दोन सर्व्हो तुम्ही शेपटीतच बसवलेत. ड्रॉइंगप्रमाणे ते बॉम्ब बेच्या मागे नेले आणि कार्बन पुशरॉड वापरले तर २०० वाचतात. रिसीव्हरच्या दोन्ही बॅटऱ्या, एकूण ४०० ग्रॅम, पंखाच्या मागून काढून बॉम्बार्डियरच्या जमिनीखाली ठेवल्या तर ४९५. इग्निशनच्या दोन बॅटऱ्या आपापल्या नॅसेलमध्ये गेल्या तर आणखी १७०. शिवाय इग्निशनच्या तारा रिसीव्हरपासून लांब राहतात, ते वेगळंच. हे सगळं केलंत तर शिसं १.२ किलोच्या आसपास येतं, मॅन्युअलमध्येही १ ते १.२५ दिलंय. फिलर पूर्ण निघणार नाही, पण शेपटीच्या दोन्ही उभ्या फिन आणि रडर घासून निम्मा काढता आला तरी खूप झालं.

पुढच्या पायाच्या फोटोत स्ट्रट (पायाचा दांडा) मागे वाकलाय आणि प्लायचा ब्लॉक शाबूत आहे. असं पुढचं चाक आधी टेकलं की होतं. शिशामुळे उभ्या विमानात त्या पायावरचा भार फारसा वाढत नाही, कारण सीजी तिथेच राहतो. पण दोन्ही टोकांना वजन असलेलं विमान नाक खाली पडायला लागलं की सहज थांबत नाही आणि सगळा दणका पायाला बसतो. फ्लॅप खाली, मागची चाकं आधी, आणि एलेव्हेटर धरून नाक जमेल तितका वेळ वर. स्ट्रट आम्हाला पाठवा, आम्ही तो विनामूल्य बदलून देऊ.

डाव्या बाहेरच्या पंखाच्या रिब्स आणि स्पार कॅपचा संचही सोबत पाठवतो. तो जोडण्याआधी विंग ट्यूब सपाट काचेवर फिरवून पाहा. कुठेही उजेड दिसला तर ती वापरू नका, आम्हाला कळवा. डावी फायरवॉल आतून टॉर्च लावून तपासा. एपॉक्सीच्या कडेला केसाएवढी भेग दिसली तरी ती काढून, त्रिकोणी पट्ट्या आणि ग्लास टेप घालून पुन्हा बसवा. बॅफल लावल्यावर विमान घट्ट बांधून, दोन्ही इंजिनं सलग पाच मिनिटं अर्ध्या थ्रॉटलवर चालवा आणि दर मिनिटाला सिलिंडर हेडचं तापमान लिहून ठेवा. ते आकडे आणि चाकं आत घेऊन मोजलेला सीजी आम्हाला पाठवा. दोन्ही पाहून आम्ही उत्तर देईपर्यंत उड्डाण करू नका.