बूम खाली घ्यायचा राहिला, त्याला देव काय करणार?

आमच्या नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर सप्टेंबरात एक मेसेज उगवतो. यंदा तो नानांनी टाकला. नाना वयाने मोठे, माणूस सज्जन, आणि मेसेज त्यांनी लिहिलेला नाही, पुढे ढकललेला आहे. म्हणून राग नानांवर नाही. मेसेज असा:

"११ सप्टेंबर २०१५. मक्केच्या मशिदीत वादळाने क्रेन कोसळली, शेकडो भाविक गेले. वारा इतका प्रचंड की कुठलीच क्रेन टिकली नसती. कंपनीचे इंजिनिअरसुद्धा म्हणाले, ही देवाची करणी, माणसाची चूक नाही. देवाच्या दारात मरण यायला भाग्य लागतं. राजाने घरटी दहा लाख रियाल दिले. कोर्टानेही सगळ्यांना निर्दोष सोडलं. आपल्याकडे मात्र देवस्थानात जरा काही झालं की ठेकेदाराला फासावर द्या म्हणून ओरड! कुंभाच्या कामांबद्दल बोंबलणाऱ्यांनी यातून शिकावं."

खाली हात जोडलेली चार चित्रं. शेवटची ओळ नसती तर मी गप्प बसलो असतो. पण मी तीस वर्षं क्रेनच्या कामात काढली. आधी खलाशी, म्हणजे क्रेनला जड माल बांधून देणारा मजूर, मग त्याच कामाचा, रिगिंगचा, सुपरवायझर. तेव्हा थोडं बोलतो.

आधी आकडा. अधिकृत नोंदीप्रमाणे मृत १११, जखमी ३९४. वार शुक्रवार, वेळ संध्याकाळी पाचच्या पुढची. हज दीड आठवड्यावर आलेला, मशीद भरलेली. आपल्याला ती बातमी फारशी आठवत नाही, कारण त्याच रविवारी, १३ सप्टेंबरला, आपल्याकडे कुंभाचं दुसरं शाहीस्नान होतं आणि सगळ्या नाशिकचं लक्ष रामकुंडाकडे लागलेलं होतं.

आता वारा. वारा होता, पाऊसही जोराचा होता, ते कुणी नाकारत नाही. पण मशिदीचं विस्तारीकरण चालू होतं आणि भोवती क्रेनचं जंगल उभं होतं. त्याच वाऱ्यात बाकीच्या उभ्या राहिल्या. पडली ती एक. "कुठलीच टिकली नसती" हे वाक्य तिथेच संपतं.

ती एकच का पडली, हे समजायला थोडी यंत्राची माहिती लागते. ती क्रॉलर क्रेन होती, म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी. अशी क्रेन जमिनीत रोवलेली नसते. मागे तोल राखणारं वजन, म्हणजे काउंटरवेट, पुढे उंच जाळीचा हात, म्हणजे बूम, आणि या दोघांच्या तोलावर ती उभी. हुकाला माल नसला तरी बूम वाऱ्यात उभा असतोच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. शिवाय खाली माणसाच्या कानाशी जेवढा वारा वाटतो त्यापेक्षा बूमच्या टोकाला तो बराच जास्त असतो. म्हणून बनवणारी कंपनी क्रेनसोबत पुस्तक देते. बूमची लांबी अमुक असेल तर किती वाऱ्याला काम थांबवायचं, किती वाऱ्याला बूम जमिनीवर आडवा करायचा, हे त्यात तक्त्यांनी दिलेलं असतं. ऑपरेटरच्या अंदाजावर ते सोडलेलं नसतं.

सौदीच्या चौकशी समितीने चार-पाच दिवसांत नेमकं हेच सांगितलं. वापरात नसताना बूम खाली घ्यायला हवा होता, तो उभाच ठेवला, आणि हे उत्पादकाच्या पुस्तकाविरुद्ध होतं. हवामानाच्या इशाऱ्यांकडे सुरक्षेच्या माणसांनी लक्ष दिलं नाही. क्रेनची स्थिती तपासा म्हणून अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या पत्रांना ठेकेदार कंपनीने, सौदी बिनलादिन ग्रुपने, उत्तरं दिली नव्हती. थोडक्यात, वारा यायच्या आधी कागद आले होते.

मग बूम खाली का घेत नाहीत? हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. बूम जेवढा लांब, तेवढी मोकळी जमीन समोर लागते. गजबजलेल्या जागी ती नसते, म्हणजे आधीच राखून ठेवावी लागते. खाली घ्यायला वेळ, सकाळी परत उभा करायला वेळ, आणि तेवढा वेळ क्रेनचं भाडं चालूच. सुपरवायझरच्या डोक्यात हा हिशेब कायम असतो. माझ्या होता. एका साइटवर मे महिन्यात दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं. ऑपरेटरने विचारलं, "साहेब, बूम डाऊन करू का?" मी म्हणालो, "राहू दे, नुसतं भरून आलंय, सकाळी सहाला माल उचलायचाय." वीस मिनिटांत धुळीचा लोट आला. हुक असा झोके घ्यायला लागला की शेजारच्या शेडचे पत्रे फाडून बाहेर आला. जेवणाची सुट्टी होती, शेडमध्ये कुणी नव्हतं, म्हणून आज मी हे निवांत लिहू शकतोय. संध्याकाळी ऑफिसात मी काय सांगितलं असेल? "वारा फार होता साहेब." तेवढ्यावर भागलं. म्हणून हे वाक्य कुठून येतं ते मला नीट ठाऊक आहे.

आता "इंजिनिअरसुद्धा म्हणाले". खरं आहे. कंपनीच्या एका इंजिनिअरने नाव न देता वृत्तसंस्थेला सांगितलं होतं की जे घडलं ते माणसाच्या शक्तीपलीकडचं, देवाची करणी, यात मानवी चूक नाही. पण नाना, ज्याच्या कंपनीची क्रेन पडली त्याच्याच माणसाचं मत आपण निकाल म्हणून का धरायचं? आणि हे शब्द साधेही नाहीत. कुठल्याही टेंडरच्या कागदात "दैवी आपत्ती" असं एक कलम असतं. त्या रकान्यात घटना बसली की ठेकेदार सुटतो. म्हणजे ज्याला आपण भक्तिभाव समजतो, ती कंत्राटाच्या भाषेत सुटकेची वाट असते. आपण हात जोडून नेमकी तीच वाट त्यांना झाडून देतो.

देवाच्या दारातलं मरण, हा मुद्दा मात्र मी हलक्याने घेणार नाही. आपल्याकडेही म्हणतात, वारीत गेला, सोनं झालं. रामकुंडावर रोज माणसं अस्थी घेऊन येतात, तिथे उभं राहिलं की या बोलण्याचं मोल कळतं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला त्याने धीर येत असेल तर त्यात नाक खुपसणारे आपण कोण? पण ते वाक्य घरच्यांनी घरात म्हणायचं आहे. तेराव्याला आलेल्या पाहुण्याने यजमानाला "भाग्यवान आहात" म्हणणं वेगळं, आणि ज्याच्या हातून माणूस गेलं त्याने म्हणणं तर त्याहून वेगळं.

जुन्या नाशकातला माझा एक मित्र आहे, त्याची आई हज करून आलेली. त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, आमच्यात भिंत किंवा इमारत अंगावर पडून गेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे, हदीस आहे तशी. पण त्याच धर्मात कुणाच्या हातून चुकून जरी जीव गेला तरी मृताच्या घरच्यांना दियत, म्हणजे जिवाची भरपाई, द्यावी लागते, कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात, अन-निसामध्ये, ते आहे. म्हणजे मेलेला शहीद, हे खरं, आणि मारणारा देणेकरी, हेही खरं. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही. आणखी एक त्याने ऐकवलं: उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी सांगितलं, आधी बांध, मग भरवसा ठेव. आपल्याकडे "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" हे आळशाला हिणवायलाच म्हणतात. तेव्हा हा मेसेज ना त्यांच्या धर्मात बसतो, ना आपल्या.

पैशाचं लवकर आटोपतो. राजे सलमान यांनी मृतांच्या वारसांना आणि कायमचं अपंगत्व आलेल्यांना दहा लाख रियाल, इतर जखमींना पाच लाख रियाल जाहीर केले, हे बरोबर. तेव्हाच्या दराने दहा लाख म्हणजे साधारण पावणेदोन कोटी रुपये. पण ही रक्कम घेतली तरी कोर्टात वेगळा हक्क मागायला आडकाठी नाही, असं त्याच हुकमात होतं. त्याच हुकमाने कंपनीला नवी कामं द्यायला मनाई केली आणि तिच्या वरिष्ठांना देशाबाहेर जायला बंदी घातली. मेसेज लिहिणाऱ्याने हुकमाचा पहिला भाग ठेवला आणि बाकीचा कापला.

कोर्टाचंही तसंच. २०१७ मध्ये आरोपी सुटले, २०२० मध्ये परत सुटले. मेसेज तिथेच थांबतो, बहुधा तेव्हाच कुणीतरी लिहिलेला असावा. खटला मात्र थांबला नव्हता. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने सौदी बिनलादिन ग्रुपला दोषी धरून दोन कोटी रियालचा दंड केला, काही अधिकारीही दोषी ठरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. घटनेला आठ वर्षं झाल्यावर. ही दिरंगाई वाईटच, पण "निर्दोष सोडलं" ही आज सरळ खोटी माहिती आहे.

नानांच्या मेसेजखाली एका तरुण सभासदाने हसण्याची चित्रं टाकून लिहिलं, "तारीख बघा, कंपनीचं नाव बघा, कर्माचं फळ!" त्यालाही दोन ओळी. त्याचा रोख अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याकडे आणि ओसामा बिन लादेनकडे. ती कंपनी ओसामाच्या वडिलांनी काढलेली, १९३१ सालची, आणि घरच्यांनी ओसामाला १९९४ मध्येच दूर केलं होतं. बरं, ते बाजूला ठेवू. मेले कोण? बांगलादेश, इजिप्त, पाकिस्तान, इंडोनेशिया आणि आपल्या भारतातूनही आयुष्यभर पै पै साठवून गेलेली माणसं. कंपनीच्या मालकांपैकी कुणी त्या छताखाली नव्हतं. कर्माचं फळ चुकीच्या पत्त्यावर कसं गेलं? आणि मक्केच्या सरकारी कॅलेंडरात त्या दिवशी ११ सप्टेंबर नव्हता, हिजरी १४३६ च्या झिल्काद महिन्याची २७ तारीख होती. मजा म्हणजे हात जोडणारे नाना आणि दात काढणारा हा पोरगा भांडतात एकमेकांशी, पण दोघांच्याही गोष्टीत न झुकवलेला बूम कुठेच येत नाही.

राहिली शेवटची ओळ, ज्यासाठी एवढं लिहिलं. "कुंभाच्या कामांबद्दल बोंबलणाऱ्यांनी."

२७ ऑगस्ट २००३ आपल्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. रामकुंडाकडे जाणाऱ्या उताराच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण गेले. तेव्हाही मोक्ष मिळाला म्हणणारे होते. २०१५ ला एकेरी मार्ग आखले, घाट वाढवले, गर्दी शहराबाहेर अडवली. पहिल्या स्नानाला तर बॅरिकेड इतके लावले की लोकांना मैलोन्मैल चालावं लागलं, आपण सगळ्यांनी पोलिसांना शिव्या दिल्या, मीही दिल्या. पण तसा प्रसंग परत आला नाही. गोदावरी तीच, रामकुंड तेच, देवही तोच. बदललं ते नियोजन. आणि ते बदललं कारण २००३ नंतर लोक बोंबलले.

अलीकडची आणखी दोन सांगतो. ३० मार्च २०२३, रामनवमी, इंदूर. मंदिरातल्या जुन्या बारवेवर टाकलेला स्लॅब खचला, ३६ जण गेले. त्या बांधकामावर महापालिकेने आधी नोटीस काढलेली होती. ३० एप्रिल २०२५, विशाखापट्टणमजवळचं सिंहाचलम. देवळाच्या वाटेवरची नुकतीच बांधलेली भिंत पावसात कोसळली, दर्शनाच्या रांगेतले सात जण दबले. तिथे पावसाला नाव ठेवायला सोपं होतं. पण शेकडो वर्षांचं देऊळ त्याच पावसात उभं होतं.

मक्केतली सगळ्यात मोठी चूक मला वाऱ्याचीही वाटत नाही आणि एकट्या बूमचीही नाही. रिकाम्या साइटवर क्रेन पडली तर लोखंडाचं नुकसान होतं. तिथे क्रेन उभी होती आणि तिच्या बूमच्या टप्प्यात माणसं नमाज पढत होती. देवस्थानाची ही अडचण सगळीकडे सारखी. कारखाना आठ दिवस बंद ठेवता येतो. मक्केची मशीद बंद होत नाही, रामकुंडही होत नाही. दशक्रिया, अस्थी, संध्याकाळची गोदाआरती, काम चालू आहे म्हणून कुणी थांबत नाही. आणि आता २०२७ च्या स्नानांसाठी घाट, पूल, रस्ते सगळं एकदम काढलंय, तारीख पंचांगाने ठरलेली, एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. साइटवर घाई कशाने होते ते मला विचारा.

नानांनी फोन करून विचारलं, "मग काय, कामं बंद करायची का?" मुळीच नाही. क्रेन लावा, मोठी लावा. फक्त बूमच्या टोकाला वारा मोजायचं यंत्र हवं आणि त्याचा आकडा केबिनमध्ये दिसायला हवा. बूम जेवढा लांब तेवढ्या घेरात भाविक नको, निदान काम चालू असताना आणि आभाळ भरून आल्यावर तरी. बूम आडवा करायची जागा नकाशावर आधी राखलेली हवी. आणि काम थांबवायचा अधिकार कुणाला, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर बाहेरच्या फलकावर हवा, आणि थांबवलं म्हणून त्याचा पगार कापला जाता कामा नये.

नाना, तुम्ही रोज सकाळी पंचवटीत फिरायला जाताच. वाटेत मोठी क्रेन दिसली तर फलकावर ते नाव आहे का बघा, आणि फोटो ग्रुपवर टाका.