पेप ८, म्हणजे पायथन भाषेत कोड कसा मांडायचा याची नियमावली, उघडून वाचलीय का कधी?

डोकं फिरलंय. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, पुन्हा तेच. "ओळ ८३ अक्षरांची झालीय, ७९ मध्ये बसवा." बसवली. मग "कॉमानंतर स्पेस राहिली." मग "दोन फंक्शनांच्या मध्ये दोन ओळी मोकळ्या सोडा." आणि त्याच फाइलमध्ये कुणीतरी फंक्शनचं डीफॉल्ट आर्ग्युमेंट (काही दिलं नाही तर वापरायची किंमत) म्हणून रिकामी लिस्ट देऊन ठेवलीय, म्हणजे दर कॉलला तीच जुनी लिस्ट फुगत जाणार, त्यावर अवाक्षर नाही! अप्रूव्ह करून मोकळे.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पेप ८ मध्ये तसं लिहिलंय." अरे बाबा, २००१ सालापासून पडलंय ते सगळ्यांसमोर, एकदा उघड तरी! पहिल्याच परिच्छेदात म्हटलंय की हे नियम पायथनसोबतच येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीच्या कोडसाठी आहेत. प्रोजेक्टचे स्वतःचे नियम असतील तर आधी ते. टीमचं एकमत असेल तर ओळ ९९ पर्यंत जाऊ द्या. नियम पाळून कोड वाचायला अवघड होत असेल तर नियम सोडा. हे सगळं त्यातच आहे, पण यांनी फक्त आकडा पाठ केलाय.

कोड लिहिला जातो त्याहून कितीतरी जास्त वेळा वाचला जातो, त्या वाचणाऱ्यासाठी हा खटाटोप. आणि आमच्याकडे काय चालतं? 'कस्टमर_बॅलन्स' या व्हेरिएबलचं नाव 'सीबी' केलं, ओळ ७९ मध्ये बसली, सगळे खूश. वाचणाऱ्याने 'सीबी'ची पत्रिका मांडायची का?

त्यात एक महाभाग एका ओळीचा बग दुरुस्त करताना अख्खी जुनी फाइल फॉर्मॅट करून टाकतो. डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी यादी) बघवत नाही, आणि गिट ब्लेम (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते बघणं) केलं की प्रत्येक ओळीवर याचंच नाव. फॉर्मॅटिंगचा कमिट, म्हणजे त्या बदलांची नोंद, वेगळा ठेव ना! तसा कमिट ब्लेममधून वगळायची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे.

बरं, हे काम माणसांनी करायचंच कशाला? गो भाषेत कोड आपोआप मांडून देणारं गोफ्मट आहे, टॅब की स्पेस हा वादच मिटला. पायथनला तसंच ब्लॅक आहे. लावू म्हटलं, तर म्हणे "तो ८८ वर ओळ तोडतो, पेप ८ मध्ये बसत नाही." अहो, कॉन्फिगमध्ये लाइन-लेंग्थपुढे ७९ लिहा! तेवढंही जमत नाही?