"भूल दिली की पोरगं मंद होतं" या मेसेजला ओटीतल्या सिस्टरचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार-पाच ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर, लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर, आणि परवा तर वॉर्डातल्या एका आईने मोबाईल पुढे करून विचारलं की सिस्टर हे खरं आहे का, कारण दुसऱ्या दिवशी तिच्या पोराचं ऑपरेशन होतं आणि बाई रात्रभर झोपली नव्हती. मी जळगाव जिल्ह्यात ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली, सिस्टर आहे, १४ वर्षं झाली. डॉक्टर नाहीये. पण भूलवाल्या डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून रडणाऱ्या पोरांचे हात धरलेत, मास्क धरलेत, म्हणून लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: लहान मुलांना भूल देऊ नका, मेंदू कमजोर होतो, मूल अभ्यासात मागे पडतं. पाच वर्षांच्या आत कुठलंच ऑपरेशन करू नका, हर्निया आपोआप जातो. उपाशी ठेवून मूल अजून कमजोर करतात, सकाळी गुपचूप दूध-बिस्कीट द्या. सर्दी-खोकला असेल तर सांगू नका, तारीख पुढे ढकलून बिल वाढवतात. कमरेत इंजेक्शन देऊन काम होतं, पूर्ण भूल पैशासाठी देतात. आणि शेवटी पुरावा काय, तर भुलीतून उठल्यावर मूल आईलाच ओळखत नाही. खाली ना नाव ना गाव, फक्त "जास्तीत जास्त आईवडिलांपर्यंत पोचवा".

आता एकेक घेते.

मेंदूचं आधी, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे, आणि ही भीती कुणी हवेतून काढलेली नाही हेही सांगायला पाहिजे. २००३ मध्ये अमेरिकेत सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना सहा तास भुलीची औषधं देऊन बघितलं तर मेंदूतल्या पेशी मेलेल्या दिसल्या, पिल्लं मोठी झाल्यावर शिकण्यात मागे पडली. तिथून प्रश्न सुरू झाला. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या औषध खात्याने, एफडीएने, इशारा दिला की ३ वर्षांच्या आतल्या मुलांना ३ तासांपेक्षा जास्त वेळ किंवा वारंवार भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मेसेजवाल्याने यातलं "३ तासांपेक्षा जास्त" आणि "वारंवार" हे दोन शब्द खाऊन टाकले आणि बाकीचं फॉरवर्ड केलं.

मग माणसाच्या पोरांवर बघितलं का? बघितलं ना. सात देशांतल्या २८ हॉस्पिटलांत ७२२ तान्ह्या बाळांचे दोन गट केले, एका गटाला पूर्ण भूल, दुसऱ्या गटाला जागेपणी फक्त पाठीतून इंजेक्शन, आणि ही मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी मोजली. २०१९ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत फरक नाही. भूल साधारण तासाभराची होती. आणि ऑपरेशन कोणतं होतं माहितीये का, हर्नियाचंच, ज्याच्यासाठी आपल्याकडच्या आया रात्रभर जागतात. अमेरिकेत १०५ भावंडांच्या जोड्या बघितल्या, एकाला तीन वर्षांच्या आत भूल दिलेली, दुसऱ्याला नाही, एकाच घरातली पोरं, एकाच ताटातली, त्यांच्याही बुद्ध्यांकात फरक निघाला नाही. ज्यांना बऱ्याच वेळा भूल द्यावी लागली अशा मुलांमध्ये हाताची बारीक कामं आणि विचाराचा वेग यात थोडा फरक एका अभ्यासात दिसला, पण बुद्ध्यांक तिथेही सारखाच होता. म्हणून ज्या पोराला मोठं, तासन् तास चालणारं किंवा परत परत ऑपरेशन लागणार आहे त्याच्या आईबापाने हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा, तो योग्य प्रश्न आहे. एका हर्नियासाठी मात्र झोप घालवू नये.

"पाच वर्षांपर्यंत थांबा" हे वाचून मला खरंच राग आला. बेंबीचा हर्निया बऱ्याच पोरांचा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो, हे खरं. जांघेतला होत नाही! त्यात आतडं अडकतं, पोरगं हिरवं ओकायला लागतं, गाठ दगडासारखी कडक होते, आणि मग तेच ऑपरेशन मध्यरात्री, घाईत, पोट फुगलेलं असताना करावं लागतं, म्हणजे भुलीचा धोका कमी करायला थांबले आणि सगळ्यात जास्त धोक्याच्या वेळी भूल घ्यावी लागली. मुलाची गोटी (वृषण) पिशवीत खाली उतरलेली नसेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट बघतात, नंतर वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करतात. जन्मतः मोतीबिंदू असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच काढावा लागतो, नाहीतर तो डोळा बघायला शिकतच नाही, नंतर काच कितीही साफ केली तरी. तोंडातली टाळू फाटलेली असेल तर पोरगं बोलायला लागतं त्या सुमारास, साधारण दीड वर्षाच्या आत शिवतात. पाच वर्षांनी शिवली तर टाळू बंद होईल पण बोली नाकातच राहील. आपल्याकडे अजून ग्रहणामुळे ओठ फाटला म्हणतात आणि आईला बोलतात, त्यात हा मेसेज आला की ते पोरगं पाच वर्षं तसंच फिरणार.

आता दूध-बिस्कीट. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

चोपडा तालुक्यातलं एक पोरगं, चार वर्षांचं, जांघेतला हर्निया. पहाटेच्या एसटीने आले, आई, आजी आणि तो. हातात लाल प्लास्टिकचा ट्रॅक्टर, सोडायलाच तयार नाही, म्हणून ट्रॅक्टरसकट आत घेतला. आईला विचारलं काही खाल्लं का, ती म्हणे नाही. आजीला विचारलं, तीही नाही म्हणे. टेबलावर घेताना मी त्याच्या स्वेटरची बटणं काढत होते तर कॉलरच्या आत ओलसर चुरा. बिस्किटाचा. मी तो चिमटीत धरून डॉक्टरांना दाखवला, त्यांनी मास्क खाली ठेवला. बाहेर जाऊन आजीला परत विचारलं तर ती रडायलाच लागली, "पोर्‍याले भूक लागनी व्हती माय." बस स्टँडवर दुधात बुडवून चार बिस्किटं दिलेली, तासाभरापूर्वी.

आजीचा दोष मी मानत नाही. उपाशी का ठेवायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, नुसतं "काही देऊ नका" एवढंच सांगितलेलं. जागेपणी पाण्याचा थेंब जरी चुकीच्या नळीत गेला तर आपल्याला ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. भुलीत तो ठसकाच झोपलेला असतो. पोटातलं वर आलं की सरळ फुप्फुसात. आणि दूध दिसतं पातळ पण पोटात गेलं की त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून गाईचं-म्हशीचं दूध, डब्याचं दूध, दुधाचा चहा हे सगळं जेवणातच धरायचं. आपल्याकडे पाळतात तो हिशोब असा: जेवण, बिस्कीट, वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, नुसतं पाणी किंवा साखरपाणी २ तास. युरोपात तर पाणी आता १ तास आधीपर्यंत देतात.

मेसेजमधली एक तक्रार मात्र मला मान्य आहे. बऱ्याच ठिकाणी "रात्री बारानंतर काही नाही" असं सरसकट सांगतात, पोराचा नंबर दुपारी दोनला लागतो, आणि मे महिन्यात आपल्या भुसावळ-जळगावच्या ४५ डिग्रीत ते पोरगं १४ तास कोरडं. हे चूक आहे, आम्हा हॉस्पिटलवाल्यांची चूक आहे. पण त्याचा उपाय गुपचूप बिस्कीट नाही ना, सरळ विचारा: नंबर कितीला आहे, पाणी किती वाजेपर्यंत देऊ? लहान पोरं यादीत आधी घ्या असंही म्हणा, हक्काने म्हणा. आणि चुकून दिलं गेलंच तर सांगा, कुणी ओरडलं तरी सांगा, फार तर तारीख जाईल.

नंदुरबारकडच्या लोकांसाठी इथेच एक सांगते, जे मेसेजमध्ये नाहीच. धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात सिकल सेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. नुसता वाहक असेल तर सहसा अडत नाही, पण ज्या पोराला आजार आहे त्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, अंग गार पडलं किंवा ऑक्सिजन खाली गेला की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसा बंद करतात. म्हणजे अशा पोराला जास्त उपाशी ठेवणंही धोक्याचं आणि खाऊ घालून आणणंही धोक्याचं. आधीच माहिती असेल तर सलाईन लवकर लागते, एसी कमी करतात, अंगावर गरम पांघरूण राहतं, रक्ताची तयारी राहते. तपासणीचं कार्ड असेल तर घरी डब्यात ठेवू नका, फाईलला लावा. कुणाला कळलं तर पोरीचं लग्न जमणार नाही म्हणून लपवणारी घरं मी बघितलीत, त्यांना हात जोडून सांगते, निदान भूलवाल्या डॉक्टरांच्या कानात सांगा.

सर्दी-खोकला लपवायचा सल्ला तर सगळ्यात वाईट. लहान पोराला वजनाच्या हिशोबाने मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसात साठा मात्र कमी. सर्दी झालेली असली की घसा चिडलेला असतो, त्यात नळी लागली, कफाचा थेंब पडला तरी कंठाची झडप गच्च बंद होते. छाती हलते पण हवा आत जात नाही. ज्यांनी ओटीत काम केलंय त्यांना तो आवाज माहिती आहे, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा टूं टूं आवाज सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, पडला की जाड-जाड होत जातो, मान वर करून आकडा बघायची गरजच पडत नाही, आणि खोलीतलं सगळं बोलणं एकदम थांबतं. मग मास्क घट्ट दाबून ऑक्सिजन, नाहीच सुटलं तर स्कोलीन, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. बहुतेक वेळा सुटतं. पण ज्या पोराला दहा दिवसांपूर्वी ताप-खोकला होता हे आधी कळलं असतं त्याच्या बाबतीत ही वेळच आली नसती. साधी सर्दी असेल तर दोन-तीन आठवडे, छातीत उतरलेली असेल तर चार-सहा आठवडे थांबतात. नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, पोरगं खेळतंय, तर कधीकधी थांबतही नाहीत, ते छाती तपासून डॉक्टर ठरवतात. तारीख पुढे गेल्याने बिल वाढत नाही, पोरगं घरी असतं. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा, त्या धुराने पण ही झडप चिडते. दुधाचा दात हलत असेल तर तोही दाखवा.

भुलीत धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. युरोपातल्या ३३ देशांत जवळजवळ ३१ हजार मुलांचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला, त्यात शंभरात साधारण पाच वेळा काहीतरी गंभीर अडचण आली, सगळ्यात जास्त श्वासाची. मूल जितकं लहान तितकी जास्त, भूल देणारा जितका अनुभवी तितकी कमी. म्हणून विचारायचंच असेल तर हे विचारा: भूल कोण देणार, पूर्णवेळ टेबलाशी थांबणार का, एवढ्या लहान पोरांना नेहमी देतात का. ऑपरेशनच्या आधी पीएसी, म्हणजे भूलतज्ज्ञांची तपासणी, झाली का ते बघा. नुसती सही घेतली म्हणजे तपासणी झाली असं नाही.

कमरेतल्या इंजेक्शनचं थोडक्यात. चार वर्षांचं पोरगं जागेपणी पाठ वाकवून हलल्याशिवाय बसत नाही, हलल्याशिवाय पाऊण तास पडूनही राहत नाही. म्हणून आधी झोपवतात आणि झोपेत माकडहाडाजवळ कॉडल नावाचं इंजेक्शन देतात, त्याने भुलीचं औषध कमी लागतं आणि उठल्यावर दुखत नाही. अगदी तान्ह्या, कमी दिवसांच्या बाळांना कधी जागेपणीही देतात, कारण भुलीनंतर त्यांचा श्वास मध्येच थांबायची भीती असते. पैशाचं म्हणाल तर शाळा-अंगणवाडीत तपासायला गाडी येते ना, तो २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्यात सापडलेल्या बऱ्याच आजारांची ऑपरेशनं फुकट होतात, अंगणवाडी ताईंना विचारा.

राहिलं "आईला ओळखत नाही". हे होतं, मी रोज बघते. हल्ली पोरांना जो गॅस सुंघवतात, सेव्हो, त्यातून ती पटकन उठतात, आणि अर्धवट उठल्यावर काही पोरं हातपाय झाडतात, किंचाळतात, आईने घेतलं तर आईलाच ढकलतात. डोळे उघडे असतात पण बघत नसतात. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी अर्धा तास. मग आपोआप उतरतं आणि पोराला त्यातलं काही आठवतही नाही. आम्ही आईला आधीच सांगून ठेवलं तर ती घाबरत नाही. सांगायचं राहिलं तर तिला वाटतं पोरगं गेलं हातचं, आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढतं.

त्या चोपड्याच्या पोराला त्या दिवशी वॉर्डातच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला नंबर दिला. आजीने स्वतः घड्याळ बघून सहा वाजता अर्धा कप साखरपाणी पाजलं, मला येऊन सांगितलं पण. आठ वाजता आत घेतला. बाहेर आल्यावर जो रडला, सलाईनची सुई उपटायला निघाला, आईला लाथा मारल्या, आणि आई दोन्ही हातांनी तोंड दाबून माझ्याकडे बघत उभी, "मना पोर्‍या असा कसा करस?" मी म्हटलं ताई, नुसती जवळ बसा, नाव घेत राहा. आजी पाय चोळत बसली. पंचवीस मिनिटं लागली. मग त्याने हुंदके देत मान वळवली, आईकडे बघितलं, मग आजीकडे, आणि म्हणे, "मना ट्रॅक्टर कोठे शे?"