स्टेल्विओ, चोर्ला आणि पोदेर: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

प्रतिक्रियेखाली नाव नाही, नुसतं 'जुना सायकलवाला, डिचोली' आहे. पण पंचावन्न वर्षांपूर्वी सायकलवरून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचात म्हणता, म्हणून काकाच म्हणतो.

इटलीतल्या स्टेल्विओ घाटावरच्या माझ्या लेखाला तुमचे तीन आक्षेप. हा घाट आल्प्समधला सर्वांत उंच नाही. दुसरा, दाराशी चोर्ला घाट असताना लाखभर रुपये उडवून परक्यांचा घाट चढायचं कसलं कौतुक, आमचा पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, बिनगिअरच्या सायकलवर रोज चढ चढतो. आणि तिसरा, पायथ्याच्या फोटोत मनगटावर सव्वाआठ, माथ्यावरच्या फोटोत दीड, 'मधले पाच तास काय करत होतात?'

पहिला मान्य. स्टेल्विओ २७५७ मीटर, फ्रान्समधला इझरां २७६४. सात मीटरने तोंडघशी पडलो. लेखात दुरुस्ती केली आहे.

खर्चाचं म्हणाल तर लाखभर हा तुमचा अंदाज. खरा आकडा आमच्या घरी मुद्दामच कुणी काढत नाही. सहल ठरलेलीच होती, त्यातला एक दिवस मी सायकलसाठी मागून घेतला. आणि चोर्ल्याला मी विसरलेलो नाही हो. सराव तिथेच केला. डिसेंबरपासून जमेल तो रविवार, पहाटे साखळीहून निघून केरीमार्गे वर, अंजुण्याचं धरण खाली दिसू लागलं की पहिलं पाणी. पण दोन घाटांची जात वेगळी. चोर्ल्यावर एक वळण पाय मोडतं, पुढचं जरा सोडतं, त्यात बेळगावची भाजी घेऊन उतरणारे टेम्पो. स्टेल्विओचा रस्ता ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने १८२० ते १८२५ मध्ये बांधून घेतला, कार्लो दोनेगानी हा त्याचा इंजिनिअर. गाडीच्या घोड्यांना झेपेल असा चढ ठेवायचा तर रस्ता लांबवावा लागतो, म्हणून मी चढलो त्या एका बाजूला ४८ वळणं. प्रातो गावापासून २४ किलोमीटर, शंभर मीटरला सरासरी सात-साडेसात मीटर उंची. चढ मोडत नाही, पण सोडतही नाही.

आता पोदेर. गिअर म्हणजे फसवणूक, असा तुमचा सूर दिसतो. साध्या काळ्या सायकलला पेडलचा एक फेरा मारला की ती पाच मीटरहून जास्त पुढे जाते. माझ्या भाड्याच्या सायकलला सगळ्यात हलक्या गिअरवर पुढे ३४ दाते, मागेही ३४; एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं, दोन मीटर. पण मी आणि सायकल मिळून ८५ किलो १८०० मीटर उचलायचे ते उचलायचेच. गिअर कर्ज माफ करत नाही, फक्त हप्ते पाडून देतो.

आणि आमचा पोदेर चढ चढतो, पण कसा? सकाळी भोंगा ऐकू आला की मी गॅलरीत असतो. देवळाकडच्या चढाशी आला की तो सरळ खाली उतरतो, एक हात हँडलला, एक पावाच्या टोपलीला, आणि ढकलत वर. माथ्यावर टांग मारतो, पुन्हा पों पों. त्याला त्यात काडीचा कमीपणा वाटत नाही.

मला वाटला. तिथेच तुमचा तिसरा आक्षेप लागू पडतो.

वळणांवर आकडे लावलेत, खालून वर उलटे: ४८, ४७, ४६. त्राफोय गावापर्यंत मी खुशीत. मग झाडं संपली आणि पुढचा सगळा रस्ता समोरच्या भिंतीवर, सुंभ टाकावा तसा. हवा विरळ, माथ्यावर तर दाब समुद्रकाठच्या पाऊणपटीहूनही कमी, आणि आम्ही समुद्रकाठचेच. खिशात घरून आणलेला दोदोल होता, आपली नारळाच्या रसातली गोड वडी. थंडीत खोबरेल गोठतं तसा तोही गोठला होता. दातांनी तोडावा तर कागदासकट येई. एका कठड्यावर बसून तो चघळण्यात अर्धा तास गेला. १७व्या वळणावर मी उतरलो आणि १२व्यापर्यंत सायकल ढकलत नेली, बुटांच्या तळाच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीट डांबरावर टकटक करत. पुढेही दोन-तीनदा थांबलो. हे लेखात नाही. 'चढलो' एवढंच लिहिलं. मराठीत हे क्रियापद फार सोयीचं, पायी चढला तरी चढलोच.

बायको बसने आधीच वर पोचली होती. माथ्यावरून खालची वळणं स्पष्ट दिसतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने पावात घातलेलं गरम सॉसेज हातात दिलं आणि ढकलण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तुमची प्रतिक्रिया मात्र तिने मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा.

लेखात १७ ते १२ची कबुली आता घातली आहे. देव बरें करूं, काका. पाऊस ओसरला की एका रविवारी सकाळी सहाला केरीला या, चहा माझ्याकडून. आणि येताना एक खरं सांगा: म्हापशाच्या वाटेवरच्या चढांना, मागे बाजाराचं ओझं असताना, तुम्ही कितीदा उतरत होतात?