‘वय गुणिले दोन मिनिटे’ : खेळातल्या एकाग्रतेच्या एका हिशेबाचा प्रतिवाद

मुलांची एकाग्रता कशी वाढवावी हे सांगणारा एक संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत पुन्हा पुन्हा येत असतो. त्याचा आशय असा की, मूल जितक्या वर्षांचे, त्याच्या दुप्पट मिनिटेच त्याचे लक्ष टिकते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाला दर सहा मिनिटांनी नवे खेळणे द्यावे, खेळताना प्रश्न विचारून त्याचे लक्ष जागे ठेवावे आणि रोज तासभर शैक्षणिक व्हिडिओ दाखवावेत, कारण तेवढा वेळ मूल जागचे हलत नाही. शेवटी, माणसाचे लक्ष आता गोल्डफिशपेक्षाही कमी झाले आहे, अशी भीती घातलेली असते. मी बालवाडीत शिकवते आणि हा संदेश दाखवून पालक माझ्याकडे नव्या खेळण्यांची यादी मागतात, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

माशाचा मुद्दा आधी संपवते. माणसाचे लक्ष आठ सेकंद आणि गोल्डफिशचे नऊ, हे आकडे मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेच्या २०१५ च्या अहवालामुळे जगभर पसरले. अहवालाने ते एका संकेतस्थळावरून उचलले होते आणि २०१७ मध्ये बीबीसीने त्यांचा माग काढला, तेव्हा त्यांच्यामागे कोणतेही संशोधन सापडले नाही.

वयाचा गुणाकार मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मोठ्यांनी नेमून दिलेल्या कामाला, म्हणजे गोलात बसून ऐकण्याला किंवा रेषा गिरवण्याला, तो ठोकताळा म्हणून चालतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला अर्धा तास पाटीपुढे बसवणाऱ्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा. चूक होते ती हाच हिशेब मुलाने स्वतः निवडलेल्या खेळाला लावल्याने. इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केले. तिथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठे दट्टे बसवत होती. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, भोवती इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तरी तिने तीच कृती चाळीसहून अधिक वेळा केली.

दर सहा मिनिटांनी खेळणे बदलण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. मूल खेळायला लागते, काही मिनिटांनी हात थांबतात, ते खिडकीकडे पाहते, उठून एक फेरी मारते. मोठ्यांना वाटते की ते कंटाळले. माँटेसरींनी या अवस्थेला खोटा थकवा म्हटले आहे, कारण त्यानंतरच मुले खऱ्या, खोल कामाला लागतात असे त्यांनी पाहिले होते. नेमक्या त्या क्षणी नवी वस्तू हाती आली, तर मूल त्या खोलीपर्यंत कधी पोहोचतच नाही. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळण्यांसह खेळू दिले, तेव्हा चारच खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्यापाशी अधिक वेळ रमली आणि त्याच वस्तूचे अधिक उपयोग त्यांनी शोधले. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या बिया, पाने आणि शिंपल्यांवर चालवल्या होत्या, हेही यादी मागणाऱ्यांना मी सांगते.

प्रश्न विचारण्याच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, पण ते उलटे मांडले आहे. इंडियाना विद्यापीठातील संशोधनात (२०१६) असे दिसले की, बाळ ज्या खेळण्याकडे पाहते त्याच खेळण्याकडे पालकही पाहत राहिले, तर पालकाची नजर हटल्यावरही बाळाचे लक्ष त्यावर अधिक काळ टिकते. म्हणजे मुलाच्या लक्षामागून आपण जायचे असते. “हा रंग कोणता? मोज बरं किती झाले!” असे म्हटले की ते आपल्या मागून यायला लागते, आणि त्याने रचायला घेतलेला मनोरा तिथेच राहतो. शाबासकीही मनोरा पुरा झाल्यावर द्यावी.

राहिला व्हिडिओ. तिथे दर काही सेकंदांनी दृश्य आणि आवाज बदलून मुलाचे लक्ष खेचून धरलेले असते. मुलाला स्वतः काहीच धरून ठेवावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एक तास ही पडद्याची कमाल मर्यादा आहे, आणि त्याहून कमी वेळ उत्तमच. संदेशाने त्या मर्यादेचा रतीब केला आहे. दिवाणखान्यात आजीसाठी लावलेली मालिकाही निरुपद्रवी नसते : एक ते तीन वर्षांच्या मुलांवरील २००८ च्या एका अभ्यासात, मोठ्यांचा कार्यक्रम मागे नुसता चालू असताना, मुले त्याकडे फारसे पाहत नसूनही, त्यांच्या खेळाचे तुकडे झालेले आढळले.

शिवाय जागचे न हलणे म्हणजे एकाग्रता, हे गृहीतकच मला मान्य नाही. आमच्याकडे तीन वर्षांच्या एका मुलापुढे मी दोन वाट्या, एक डाव आणि राजमा ठेवला होता (आणि समोरच बसले होते, कारण दाणे नाकात जातात). तो उकिडवा बसला, उभा राहिला, एक दाणा कपाटाखाली गेला म्हणून पालथा पडून त्याने तो काढला, मध्ये पाणी पिऊन आला. घड्याळात सव्वीस मिनिटे झाली, तेव्हा सगळा राजमा मोठ्या वाटीत जमला होता. त्याने तो नीट पाहिला आणि पुन्हा लहान वाटीत ओतायला घेतला.