शाळेला फिल्टर दिलं ते चांगलंच केलं, पण बचत गटाच्या बिलाचं काय?

तालुक्याच्या गावातल्या मोठ्या मार्टनं आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला पाण्याचं फिल्टर दिलं. फोटो कालपासून सगळ्या ग्रुपवर फिरून राह्यले, रिबीन कापताना मॅनेजर, बाजूला सरपंच, हेडमास्तर अन् मागं लायनीत उभे केलेले पोट्टे. पोट्ट्यांना चांगलं पाणी भेटन, आमच्याकडं उन्हाळ्यात बोअरचं पाणी कसं येते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं आभार मनापासून, यात मी काही खोट काढत नाही. पण फोटोखाली लोकं लिहून राह्यले की "सामाजिक जबाबदारी शिकावी तर यांच्याकडून", ते काही मला पटलं नाही. कारण त्याच मार्टकडं आमच्या गावच्या बचत गटाचे पैसे अडकून आहेत. दिवाळीच्या आधी हळद, तिखट अन् तुरीची डाळ दिली, आता कापूस उलंगून गेला तरी फोन केला की एकच उत्तर, "वहिनी, अकाउंटवाल्या सायबाकडं फाइल आहे". मार्टचं नाव लिहीत नाही, काहून की हा प्रश्न एका दुकानाचा नाही, धंद्याची रीतच अशी पडली आहे.

आधी कायदा समजून घ्या, कारण फिल्टर म्हणजे दान अन् दान म्हणजे मालकाची मर्जी असंच बहुतेकांना वाटते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरते ते) ५०० कोटी, नाहीतर वर्षाची उलाढाल १००० कोटी, नाहीतर निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायचीच. वर्षात खर्च झाली नाही तर ती ठरलेल्या सरकारी फंडात टाका नाहीतर वेगळ्या खात्यात ठेवा, कंपनीनं स्वतःकडं ठेवून घ्यायची सोय २०२१ पासून राहिली नाही. कायद्यात असंही लिहिलं आहे की जिथं धंदा चालते त्या भागाला प्राधान्य द्या. म्हणजे जी कंपनी यात बसते तिच्यासाठी हे देणं आहे, मेहरबानी नाही. अन् भागीदारीतली, घरगुती मालकीची मार्टं यात येतच नाही, त्यांनी स्वतःहून काही दिलं तर त्यांचं कौतुक उलट जास्त करावं.

आता खरी गोष्ट. याच कायद्याच्या नियमात असं आहे की कंपनीच्या रोजच्या धंद्यातलं काम सीएसआरमध्ये, म्हणजे या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, मोजायचं नाही, फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचं मोजायचं नाही, अन् आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिपही मोजायची नाही. हिशोबासाठी हे बरोबरच आहे, नाहीतर लोकं पगारही सीएसआरमध्ये दाखवतील. पण याचा परिणाम पाहा भाऊ. मार्ट माल कोणाकडून घेते, काय भावानं घेते, पैसे कधी देते, काउंटरवरच्या पोरीला बसायला स्टूल देते का, उरलेल्या ब्रेडचं काय करते, हे सगळं जबाबदारीच्या वहीच्या बाहेर गेलं. वहीत उरलं काय तर नफा झाल्यावरचे २ टक्के. अन् नफा होतानाच जे झालं ते कोणी विचारतच नाही.

मार्टला माल देणं म्हणजे काय असते ते ज्यांनी दिला त्यांनाच माहीत. आधी सॅम्पल फुकट. मग शेल्फवर जागा पाहिजे तर काही ठिकाणी त्याचे पैसे किंवा तेवढा माल फ्री. मग बारकोड, लेबल, एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा नंबर, हे पाहिजेच, त्याबद्दल तक्रार नाही, उलट यामुळं आमच्या बाया पॅकिंग शिकल्या. मग ऑफर लागली की ऑफरचा भार अर्धा तुमच्यावर. पाकीट फुटलं, उंदरानं कुरतडलं, तारीख उलटली, की माल परत अन् बिलातून कपात. अन् एवढं झाल्यावर उरलेली रक्कम साठ दिवसांनी, नव्वद दिवसांनी, कधी त्याच्याही पुढं. गिऱ्हाईक तर डाळीचे पैसे त्याच दिवशी काउंटरवर नगदी नाहीतर फोन-पेनं देऊन गेलं ना? मग मधले तीन महिने त्या पैशावर कोण धंदा करून राह्यलं?

हिशोब करून पाहा. समजा एखाद्या मार्टनं लहान लहान सप्लायरचे मिळून ५० लाख रुपये ठरल्यापेक्षा एक महिना जास्त ठेवून घेतले. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर एका महिन्याचे ५० हजार झाले. तेवढ्यात शाळेचं एक फिल्टर आरामात येते. म्हणजे ते फिल्टर बचत गटाच्या बायांनी, पापडवाल्यानं, शेंगदाण्याची चिक्की करणाऱ्या पोरानं दिलं असं म्हणायला काय हरकत आहे? त्यांचं नाव मात्र बोर्डावर कुठंच नाही. इकडं गटाच्या बायांना बँकेचा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरा लागते, मार्टनं पैसे दिले नाही म्हणून बँक थांबत नाही. एका वहिनीनं पोरीच्या फीसाठी शेजारून हातउसने घेतले, तिकडं तिचेच पैसे मार्टच्या खात्यात पडून.

यासाठीही कायदा आहे, अन् हा आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून इथं सविस्तर लिहितो. एमएसएमईडी कायदा २००६, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा कायदा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेतला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाही, अन् करारच नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन, सरकारच्या पोर्टलवर करता येते. अन् इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू, त्यानं अशा मालाचे पैसे मुदतीत दिले नाही तर जोवर देत नाही तोवर घेणाऱ्याला ती रक्कम खर्चात दाखवता येत नाही. एवढं सगळं आहे, पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद होते ही भीती कोणत्या कलमानं जाईल? तालुक्यात मार्ट एक, गट वीस. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी २०१३ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांवर लक्ष ठेवायला वेगळा अधिकारीच नेमला, ग्रोसरीज कोड अॅडज्युडिकेटर म्हणतात त्याला, अन् २०१६ मध्ये त्यानं टेस्कोसारख्या बलाढ्य कंपनीला सप्लायरचे पैसे उशिरा दिल्याबद्दल दोषी धरलं. तक्रार करणाऱ्याचं नाव तो गुप्त ठेवते, मुद्दा तोच तर आहे.

अन् नुसता शेतमाल पिकवून देणारा शेतकरी तर या ४५ दिवसांतही बसत नाही. आपल्या राज्यानं २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, मार्टवाल्यांना थेट शेतकऱ्याकडून घ्यायची वाट मोकळी झाली, चांगली गोष्ट आहे, मी तेव्हाही बाजूनं होतो. पण बाजार समितीत निदान भांडायला एक ऑफिस असते, सचिव असते. थेट विकल्यावर वांग्याचे पैसे आले नाही तर जायचं कुठं? अन् थेट घेतात तरी किती? आपला वर्धा जिल्हा, वायगावच्या हळदीला जीआय (त्या भागाची खास ओळख म्हणून भौगोलिक मानांकन) भेटलं, जवळच भिवापूरची मिरची जीआयवाली, नागपुरी संत्र्याचं तर सांगायलाच नको, अन् इथल्याच मार्टच्या शेल्फवर हळद-तिखट कुठलं कुठलं असते ते पाकीट उलटून पाहा. संत्र्याच्या सीझनमध्ये एकसारख्या साइजचा, चमकणारा किन्नू पंजाबातून येऊन बसते अन् आपली चुरी (बारीक संत्री) बगीच्यातच सडते. सरकारनं २०१२ मध्ये परदेशी कंपन्यांना अशा दुकानांत ५१ टक्के गुंतवणुकीची परवानगी दिली तेव्हा ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची अट घातली होती. परदेशी पैशाला अट घालता येते तर आपल्या मार्टनं आपल्या जिल्ह्यातून एवढं घेईन असं स्वतःहून ठरवायला काय अडचण आहे?

आमच्या गावच्या तीन-चार पोरी तिथं काउंटरवर आहेत. सकाळच्या एसटीनं जातात, रात्री शेवटच्या गाडीनं येतात, दिवसभर उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही म्हणे. केरळनं २०१८ मध्ये अन् तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायला जागा द्यायचा कायदा केला. आपल्याकडं त्याची वाट कशाला पाहायची, स्टूलला किती पैसे लागते?

उरलेल्या खाण्याचंही तसंच. फ्रान्सनं २०१६ मध्ये कायदा केला की ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटनं न विकलेलं खाण्यालायक अन्न नासवायचं नाही, संस्थांसोबत करार करून द्यायचं. आपल्या एफएसएसएआयनंही २०१९ मध्ये उरलेलं अन्न गोळा करून वाटायचे नियम आणले, पण सक्ती नाही. तालुक्याच्या गावात आदिवासी मुलांचं वसतिगृह आहे, भाड्यानं खोली करून शिकणारे पोट्टे आहेत. तारीख संपायच्या दोन दिवस आधी तो ब्रेड, ते दूध, ती केळी त्यांच्याकडं व्यवस्थित पोचवली तर कोणाचं नुकसान होणार आहे? प्लास्टिकचं तर बोलूच नका, खेड्यात घंटागाडी येत नाही, मार्टची सगळी पाकिटं धुऱ्यावर जळतात. २०२२ च्या नियमात स्वतःच्या ब्रँडनं माल विकणाऱ्या मोठ्या रिटेल साखळ्यांवरही ते प्लास्टिक परत गोळा करायची जबाबदारी आली आहे, गावात कोणी गोळा करायला आलेलं मी तरी पाहिलं नाही.

काही जण म्हणतील मार्टमुळं स्वस्ताई आली, किराणावाला तर लुटत होता. स्वस्ताई आली, खरं आहे, माझ्या घरचं महिन्याचं सामानही आता बरंचसं तिथूनच येते. पण पेरणीपासून कापूस निघेपर्यंत गावचा किराणावाला वहीत लिहून माल देते, घरात मयत झाली, दवाखाना निघाला तर मागत नाही, थांबते. भाव जास्त लावते त्यात त्या थांबण्याचे पैसेही असतात. मार्टला उधारी जमत नाही, ठीक आहे, तो त्यांचा धंदा नाही. पण मग निदान उलटी उधारी तरी नको, गरीब गटाकडून बिनव्याजी माल घेऊन मोठ्या दुकानानं चालायचं हे काही बरोबर नाही.

म्हणून माझं मार्टच्या मालकांना जाहीर सांगणं आहे. फिल्टर द्या, दप्तरं द्या, झाडं लावा, आम्ही टाळ्या वाजवू. पण त्याच्या आधी जिल्ह्यातल्या लहान सप्लायरचं बिल ४५ दिवसांच्या आत द्या अन् तसा बोर्ड दुकानाच्या दारात लावा, "आजच्या तारखेला कोणाचंही ४५ दिवसांवरचं बिल बाकी नाही" असा. दर महिन्याला तारीख बदला. फिल्टरच्या फोटोपेक्षा त्या बोर्डाचा फोटो मी स्वतः सगळ्या ग्रुपवर टाकीन.

अन् ज्यांचे पैसे अडकले त्या बचत गटांनी, घरगुती उद्योगवाल्यांनी आधी उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट होते, आधार अन् पॅन लागते. माल देताना डिलिव्हरी चलनावर सही-शिक्का अन् तारीख घ्याच, नुसत्या व्हॉट्सअॅपच्या "ओके" वर गाडी खाली करू नका. एकट्यानं तक्रार करायची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा, नाव बाहेर जाणार नाही. चार-पाच गट जमले की सगळ्यांची बिलं एकत्र घेऊन आधी मॅनेजरला भेटू, नाही ऐकलं तर त्या सरकारी पोर्टलवर एकाच दिवशी सगळ्यांच्या तक्रारी टाकू, फॉर्म भरायला मी बसतो सोबत.