‘मराठ्यांचं आरमार म्हणजे मच्छीमार होड्या’: या फॉरवर्डला उत्तर

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: मराठ्यांकडे खरी लढाऊ जहाजं नव्हतीच, होत्या त्या तोफा चढवलेल्या मच्छीमार होड्या, त्यांचं बूड उथळ, म्हणजे बांधणी मागासलेली, तोफा लहान, म्हणून युरोपियन जहाजांपुढे टिकाव लागणं अशक्य, 1756 मध्ये इंग्रजांनी एका दिवसात सगळं बुडवलं आणि आरमार संपलं, गायकवाडांचा तर समुद्राशी संबंधच नव्हता. एकेक मुद्दा घेऊ.

‘मच्छीमार होड्या.’ आंग्र्यांच्या जहाजांचं सगळ्यात बारकाईने केलेलं वर्णन शत्रूच्या बाजूचं आहे, 1763 मध्ये इंग्रजीत छापलेलं. त्यानुसार दोन डोलकाठ्यांची गुराब (हे त्यांचं मोठं लढाऊ जहाज) 150 टनांपर्यंतची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टनांची. लांबीच्या मानाने ती रुंद, टोकाकडे निमुळती होत जाणारी. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब बाहेर आलेली असायची आणि तिच्यावर भक्कम डेक असायचा. या डेकला कठडे मुद्दाम ठेवलेले नसत, कारण समोरून लाट आदळली की पाणी अडून न राहता दोन्ही बाजूंनी वाहून जायला हवं. नाळेच्या मागे आडवी भिंत, भिंतीत भोकं, आणि त्यातून नाळेवरून थेट पुढे मारा करणाऱ्या 9 किंवा 12 पौंडी (हे वजन गोळ्याचं) दोन तोफा. 12 पौंडी लोखंडी तोफ गाड्याशिवायच दीड टनाच्या आसपास भरते. अशा दोन तोफांचं वजन आणि धक्का पुढच्या भागाने सोसायचा, तर त्या हिशेबानेच जहाज बांधावं लागतं. मासेमारीच्या होडीवर नंतर केलेली ही जोडणी नव्हे. या बांधणीचा तोटाही होता: समोरून लाटा असल्या की नाळ जोरात वरखाली आपटायची.

गुराबेच्या जोडीला गलबत. मोठ्यात मोठं 70 टनांचं, एकच प्रचंड तिकोनी मुख्य शीड, 40 ते 50 वल्ही, ताशी चार मैल वेग. साध्या गलबताचा डेक वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूचा, त्यावर खुंटीवर फिरणाऱ्या छोट्या तोफा. मोठ्यांवर पक्का डेक आणि 2 ते 4 पौंडी सहा-आठ तोफा.

‘उथळ बूड म्हणजे मागासलेपण.’ कोकणच्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. खोल बुडाचं जहाज तिथे भरतीची वाट बघत बाहेर थांबतं, उथळ बुडाचं आत शिरतं. 1679 मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटाला इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्या जहाजांना चुकवून बेटावर माणसं आणि सामान पोचवत राहिल्या. शेवटी इंग्रजांनाच बेटाचा नाद सोडावा लागला. याचीही किंमत मोजावी लागायची. तळ खोल नसला की वारा जहाजाला बाजूला ढकलत नेतो, आणि वाऱ्याविरुद्ध वाट काढताना हे फार महाग पडतं.

‘तोफा लहान.’ हे खरं आहे. मोठ्या ब्रिटिश युद्धनौकेच्या खालच्या डेकवर 32 पौंडी तोफा असत, गोळा साडेचौदा किलोचा. गुराबेच्या 12 पौंडीचा गोळा साडेपाच किलोचाही भरत नाही. बाजूला बाजू लावून लढायचं ठरवलं असतं तर गुराबेच्या चिंधड्या उडाल्या असत्या. पण मराठे तसं लढतच नसत, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हाच भाग सोडून दिलाय.

युरोपियन जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना, पिछाडीला मोजक्याच. म्हणून मराठे पिछाडी गाठत. वारा पडलेला असेल तर गलबतं वल्ही मारत गुराबा ओढून न्यायची. गुराबांचे गोलंदाज आधी फक्त डोलकाठ्यांवर मारा करत, तोही नेम धरून. ठीक मागून पाहिलं तर तीन डोलकाठ्या एकामागे एक लपतात. जरा बाजूला सरकलं की त्या नुकत्या सुट्या दिसू लागतात. नेमका तोच क्षण साधायचा, कारण तेव्हा तिन्ही मिळून रुंद निशाण होतं आणि गोळा एकीला चुकला तरी दुसरीला लागण्याची शक्यता असते. डोलकाठी पडली की जहाज वळवता येत नाही, आणि मग बाजूच्या तोफा कितीही मोठ्या असोत, त्या शत्रूकडे वळणार कशा? त्यानंतर जवळ जाऊन चहूबाजूंनी मारा, आणि तरीही नमलं नाही तर माणसांनी खच्चून भरलेली गलबतं एकदम भिडवायची. उलट, वारा चांगला असेल आणि समोरचा कप्तान डगमगला नाही, तर हा डाव फसायचा. खांदेरीच्या लढाईत इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज शरण आलं, पण ‘रिव्हेंज’ने तोफांचा मारा चालू ठेवून मराठ्यांना माघार घ्यायला लावली.

‘युरोपियन जहाजांपुढे टिकाव अशक्य.’ 1735 मध्ये संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं ‘डर्बी’ हे जहाज पकडलं. 1754 मध्ये तुळाजी आंग्र्यांनी 50, 36 आणि 18 तोफांच्या तीन डच जहाजांपैकी दोन मोठी जाळली, तिसरं ताब्यात घेतलं.

‘1756 मध्ये बुडवलं.’ बुडवलं नाही, जळालं, आणि तेही नांगरलेलं असताना. 12 फेब्रुवारीला इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या ताफ्याने तुळाजींच्या विजयदुर्गावर मारा केला. किल्ल्याजवळ दाटीने उभ्या असलेल्या जहाजांपैकी एकावर स्फोटक गोळा पडला आणि आग एकावरून दुसऱ्यावर गेली. मागे सरकायला जागाच नव्हती. गुराबेची सगळी ताकद मोकळ्या पाण्यात पाठलाग करण्यात होती, आणि तीच तिथे वापरता आली नाही. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही सल वेगळीच. शिवाय संपलं ते आंग्र्यांचं आरमार. पेशव्यांचं आरमार विजयदुर्गातूनच पुढे चाललं, आणि 1783 च्या एप्रिलमध्ये आनंदराव धुळपांनी कंपनीचं ‘रेंजर’ पकडलं.

राहिला गायकवाडांचा मुद्दा. सुरतेच्या दक्षिणेला, अंबिका नदीवर बिलिमोऱ्याला त्यांचा आरमारी सुभा, म्हणजे आरमाराचं ठाणं होतं. तिथून उत्तरेला खंबातच्या आखातात जायचं, तर भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी 10 मीटरपर्यंत जातो आणि पाणी ओसरलं की मैलोन् मैल गाळ उघडा पडतो. या पाण्यात खोल बुडाचं जहाज गाळात रुततं आणि पुढच्या भरतीपर्यंत कलंडून पडतं. उथळ बुडाचं जहाज त्याच गाळावर सरळ बसतं आणि पाणी चढलं की पुन्हा तरंगतं.